तीन भाषांच्या गावात मानसशास्त्र

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी, शाळेत मागे पडणारी मुलं वेळेवर ओळखता यावीत म्हणून बुद्धिमापनाची एक चाचणी तयार केली. ती अमेरिकेत गेली आणि १९१६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लुइस टर्मन यांनी तिथल्या मुलांसाठी ती नव्याने बसवली. पुढच्या वीस वर्षांच्या आतच ती आमच्या भागात येऊन पोचली. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी घडवली. त्यावरचा त्यांचा लेख १९३४ साली ब्रिटनमधल्या एका संशोधन-नियतकालिकात छापून आला, आणि चाचणीची ही सुधारित आवृत्ती कन्नड-मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी आहे हे त्याच्या शीर्षकातच म्हटलेलं होतं. बेळगाव, धारवाड हे जिल्हे त्या काळी मुंबई इलाख्यात होते. 'बिने-कामत' या नावाने ही चाचणी पुढे देशभर वापरली गेली.

मी बेळगावात पदवीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. मुलं येतात ती विल्हेल्म व्हुंट, १८७९, लाइपझिग, मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा एवढं पाठ करून. हा विषय कुठून तरी फार लांबून आलेला, आपला त्याच्याशी संबंध परीक्षेपुरता, असं त्यांना वाटत असतं. कामतांची गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरचीही मान वर होते. भारतात बुद्धिमापनाचं जे सुरुवातीचं मोठं काम झालं, ते आपल्याच भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी झालं होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग मी म्हैसूरचीही गोष्ट सांगते. म्हैसूर विद्यापीठात १९२४ साली मानसशास्त्र विभाग सुरू झाला, आणि त्याचे प्रमुख एम. व्ही. गोपालस्वामी यांनीच १९३५ साली आपल्या घरातून एक छोटं रेडिओ केंद्र चालवलं. त्याचं नाव आकाशवाणी. विषयाला तिचा काही उपयोग नाही, पण मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून सांगतेच.

आमच्या वर्गात येळ्ळूर, कडोली, उचगाव, नंदगड इथली मराठी मुलं असतात. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडची कन्नड मुलं असतात, उर्दू बोलणारी असतात, एखादी कोकणी. शिकवणं इंग्रजीत, समजावणं कन्नड-मराठीत, आणि उत्तरपत्रिका बहुतेक जण इंग्रजीत लिहितात. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजीशी झगडून इथवर आलेली असते. स्मृती, अवधान, प्रेरणा हे सगळं तिला कळलेलं असतं मराठीत, लिहायचं असतं इंग्रजीत, आणि अंतर्गत गुणांसाठी सर्वेक्षणाला गेली तर गावात विचारायचं असतं कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये. वर्षानुवर्षं तिला आणि तिच्या घरच्यांना ही अडचण वाटत आलेली आहे. मला ती तिची कमाई वाटते, आणि हा सगळा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे.

घरचे काय म्हणतात ते मला पाठ आहे. "सायकॉलॉजी शिकून काय करणार ओ तुमची पोरगी? वेड्यांच्यात बसणार काय?" लग्नात कुणीतरी समोर येऊन बसतं, "सांग बघू माझ्या मनात काय चाललंय?" गावातली म्हातारी माणसं अजून रागावली की "याला धारवाडला घालवा" म्हणतात. धारवाडचं मनोरुग्णालय ब्रिटिश अमदानीतलं, आज ते डिम्हान्स या नावाची मोठी शिक्षणसंस्था आहे, तिथे डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ तयार होतात, पण बोलण्यात अजून ती जुनीच भीती आहे. मला या बोलण्याचा राग येत नाही. ज्या घरांनी रुग्णाला देवर्षीकडे नेलं, देवळात गाऱ्हाणं घातलं, गंडेदोरे बांधले आणि शेवटी हातातलं सगळं संपल्यावर धारवाडची एसटी धरली, त्या घरांना ती वाट कशी वाटली असेल ते मी जवळून पाहिलं आहे.

आणि खरं सांगायचं तर हा विषय घेणाऱ्यांत अशाच घरांतली मुलं पुष्कळ असतात. वेळापत्रक सोयीचं म्हणून, मैत्रिणीने घेतला म्हणून येणारी असतातच. पण पहिली चाचणी परीक्षा झाली, जरा ओळख झाली की तास संपल्यावर कुणीतरी मागे रेंगाळतं. "मॅडम, एक विचारू का? माझे काका आहेत..." काका असतात, आत्या असते, कधी आईच असते. त्या मुलाला किंवा मुलीला पुस्तकात 'स्किझोफ्रेनिया' हा धडा येण्याआधीच त्यातलं बरंचसं ठाऊक असतं, फक्त त्याला नाव असतं 'बाहेरचं झालंय' हे. हा धडा शिकवताना मी फार सांभाळून बोलते. वर्गातल्या एकाच्या तरी घरची गोष्ट चालली आहे हे धरूनच बोलावं लागतं.

मानसशास्त्र म्हणजे नुसत्या गप्पा, असा एक समज आहे, तो प्रात्यक्षिकाच्या खोलीत पहिल्याच आठवड्यात मोडतो. आरशात पाहून चांदणी गिरवायची असते. हात दिसत नाही, दिसतं ते आरशातलं उलटं चित्र, आणि शाळेत चित्रकलेत पहिली येणारी मुलगीही रेषेबाहेर भरकटते. उजव्या हाताने पुरेसा सराव केला की, सराव न केलेला डावा हातही सुधारतो. हे का होतं, शिकणं नेमकं कुठे साठतं, हा प्रश्न मग पुस्तकातला राहत नाही. म्युलर-लायरच्या रेषा असतात, दोन्ही सारख्या असूनही एक लांब दिसणाऱ्या. मोजपट्टी लावून खात्री केल्यावरही ती लांबच दिसत राहते. आणि मग संख्याशास्त्र येतं. गणित नको म्हणून कलाशाखेत आलेल्यांना सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळं करावं लागतं. प्रवेश घेतानाच हे सांगितलेलं बरं. ज्याला आकड्यांची चीड आहे त्याचे या विषयात हाल होतात, आणि एम.ए.ला तर जास्तच.

मला स्वतःला सगळ्यात प्रिय प्रात्यक्षिक स्ट्रूपचं. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली ते प्रसिद्ध केलं. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा, 'निळा' पिवळ्या शाईत, आणि समोरच्याने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. वाचण्याची सवय इतकी पक्की असते की जीभ अडते. आमच्याकडे मी याचे तीन तक्ते करते: एक मराठी, एक कन्नड, एक इंग्रजी. मराठी माध्यमातली मुलं 'लाल'वर अडखळतात, 'केंपू'वर, म्हणजे कन्नडमधल्या 'लाल'वर, त्यांना फारसं काही होत नाही. बैलहोंगलचा मुलगा नेमका उलटा. लहानपणापासून इंग्रजी शाळेत गेलेली इंग्रजी तक्त्यावर अडकते. आणि शहापूर-वडगावकडची काही मुलं असतात, घरी मराठी, शाळा कन्नड, गल्लीत दोन्ही, ती तिन्ही तक्त्यांवर अडखळतात. त्यांना वाटतं आपले गुण गेले. मग मी फळ्यावर त्यांचे सेकंद मांडून दाखवते की तिन्ही लिप्या तुमच्यात नकळत चालू असतात, न बोलावता येतात, म्हणून वेळ लागला.

भाषा माणसाच्या किती आत असते याचं मोजमापही झालेलं आहे. २००३ साली कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी पुढे मोठेपणी शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले आणि बोटांच्या त्वचेवरची, भावना चाळवली की वाढणारी विद्युत प्रतिक्रिया मोजली. लहानपणी आई-वडील रागावताना जे बोलतात, तसली वाक्यं तुर्कीत ऐकवली की प्रतिक्रिया ठळकपणे वाढायची, इंग्रजीत तेवढी नाही. अर्थ दोन्हीकडे कळत होता. हे वाचलं तेव्हा मला माझ्या एम.ए.च्या दिवसांतली एक दुपार आठवली.

मी धारवाडला शिकले, आणि शेवटच्या वर्षी एका सरकारी रुग्णालयात अनुभव घ्यायला जात होते. केसपेपर इंग्रजीत, ओपीडीतलं बोलणं कन्नडमध्ये. खानापूरच्या बाजूची एक बाई आली होती, सोबत भाऊ. कन्नड तिला व्यवहारापुरतं येत होतं. तिला विचारलं, झोप येते का? ती म्हणाली, येते. जेवता का? जेवते. काम करता का? करते. सगळी उत्तरं कन्नडमध्ये, एकेका शब्दात. कागदावर तिचं काहीच बिघडलेलं नव्हतं. डॉक्टरांना ते पटेना, त्यांनी मला म्हटलं, तू तुमच्या भाषेत बोल जरा. मी तिला झोपेबद्दल विचारलंच नाही. पहाटे जाग किती वाजता येते, एवढं विचारलं. "तीनलाच येते. मग गोठ्यात जाऊन बसते, म्हशीजवळ." बसून काय करता? "काय न्हाई. जीव थाऱ्यावर न्हाई बघ बाय. उजाडूच नये वाटतंय."

पहाटे फार लवकर जाग येणं आणि सकाळची वेळ सगळ्यात जड जाणं ही तीव्र नैराश्याची नेहमीची लक्षणं आहेत. कुठल्याही पुस्तकात ती असतात. झोप येते का, याला तिने 'येते' म्हटलं ते खोटं नव्हतं, पडल्यावर झोप येतच होती. पण 'उजाडू नये' हे वाक्य दुसऱ्या भाषेत तिच्या तोंडून कधीच आलं नसतं. ते ऐकल्यावर डॉक्टरांनी पुढचे, जिवाच्या धोक्याविषयीचे प्रश्न माझ्यामार्फत विचारले आणि तिला दाखल करून घेतलं. ती बरी होऊन घरी गेली. त्या दिवशी मी हुशारीचं काही केलं नव्हतं. खानापूर तालुक्यातल्या एका घरात वाढले होते, एवढीच माझी पात्रता, आणि नेमकी तीच त्या खोलीत दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

असाच पेच मुलांच्या बाबतीत येतो, आणि तो जास्त अवघड आहे. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, त्यात वाचन-लेखनातल्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. त्यामुळे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. चांगलीच गोष्ट. आता आमच्याकडचं एक मूल डोळ्यांसमोर आणा. घरी मराठी. अंगणवाडीत मराठी-कन्नड. पहिलीला इंग्रजी माध्यम, शेजाऱ्यांनी घातलं म्हणून. तिसरीत शिक्षिका सांगतात, याला वाचता येत नाही, तपासून घ्या. तपासायचं कुठल्या भाषेत? इंग्रजीत तपासलं तर त्याची अडचण वाचनाची आहे की इंग्रजी न कळण्याची, हे कसं ठरवणार? मराठीत तपासावं तर मराठी वाचायला त्याला कुणी शिकवलेलंच नाही. निदानाचे जे निकष जगभर वापरले जातात त्यांत स्पष्ट म्हटलेलं आहे की शिकवण्याची भाषा नीट येत नसल्यामुळे मूल मागे पडत असेल तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणू नये. आमच्या भागात हे एक वाक्य शंभर वेळा वाचावं लागतं. बोलण्यातले ध्वनी त्याला वेगळे करता येतात का, मराठी शब्दातलं पहिलं अक्षर काढून टाकून उरलेलं म्हणता येतं का, हे तोंडी तपासता येतं आणि त्यावरून बरंच कळतं. पण त्यासाठी तपासणारा माणूस त्या मुलाच्या घरची बोली कानात असलेला हवा. कामतांनी नव्वद वर्षांपूर्वी जे ओळखलं होतं तेच हे. त्यांची चाचणी आता जुनी झाली, तिचे मानदंड त्या काळच्या मुलांवरचे आहेत. तिच्या मागचा विचार मात्र जुना झालेला नाही.

तर, पुढे काय? हे विचारायला येणाऱ्या आईवडिलांना मी आधी एक गोष्ट स्वच्छ सांगते: नुसत्या बी.ए.वर कुणी मानसोपचार करणारा होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे आधी एमबीबीएस आणि मग त्या विषयात एम.डी. झालेले डॉक्टर असतात, औषध ते देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा वेगळा. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ही परिषद १९९२ च्या कायद्याने आलेली. एम.ए.नंतर दोन वर्षांचं एम.फिल. हा त्यासाठीचा ठरलेला रस्ता होता. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ च्या नियमांत एम.फिल. ही पदवीच बंद केली, पण नंतर क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंत मुभा दिली. आता परिषदेने मान्यता दिलेले क्लिनिकल सायकॉलॉजीचे नवे अभ्यासक्रम येत आहेत. म्हणून माझं सांगणं एवढंच, की ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं नाव स्वतः पाहा. कुणाच्या तोंडी सांगण्यावर पैसे भरू नका.

समुपदेशकाचं, म्हणजे कौन्सेलरचं, क्षेत्र आजवर मोकळंच होतं. चार रविवारच्या वर्गांत प्रमाणपत्र देणारे पुष्कळ आहेत आणि त्यावर पाटी लावणारेही. माणसाच्या जिवाशी खेळ आहे हा. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांसाठी कायदा केला आहे, त्यात मानसशास्त्राचा व्यवसाय करणारेही येतात. त्याची घडी नीट बसली की या पाट्यांना आळा बसेल, अशी मला मनापासून आशा आहे.

एम.ए. झाल्यावर या भागात प्रत्यक्ष काम कुठे मिळतं? माझे विद्यार्थी जिथे जिथे पोचले तेवढंच सांगते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, एचआयव्ही तपासणी केंद्रांवर समुपदेशक म्हणून, महिलांच्या सखी केंद्रात, बाल संरक्षण कक्षात, व्यसनमुक्ती केंद्रात. ही पदं बहुतेक कंत्राटी, पगार बेताचा, हे लपवण्यात अर्थ नाही. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक नेमावा लागतो, तिथे जरा बरं मिळतं. सरकारी मराठी आणि कन्नड शाळांना, जिथे गरज सर्वांत जास्त, तिथे हे पद नाही. उद्यमबाग, मच्छेकडच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात काही जण लागले. त्यांतला एक सुरक्षिततेचं प्रशिक्षण देतो, रात्रपाळीतल्या थकव्याने अपघात कसे होतात हे कामगारांना त्यांच्या भाषेत समजावतो, आणि त्याचं काम पाहून मला फार समाधान वाटतं. पुण्याला, बेंगळुरूला गेलेल्या मुलांनी बाजार-संशोधन, मोबाइल ॲप वापरणाऱ्यांचा अभ्यास असली कामं धरली, त्यांना पैसे आमच्यापेक्षा चांगले मिळतात. शिकवायचं असेल तर नेट किंवा राज्याची सेट परीक्षा.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचं गाव. घरोघरी फौजेतलं कुणीतरी आहे, म्हणून हेही सांगते. अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या मुलाखतीत मानसशास्त्रज्ञांचा स्वतंत्र भाग असतो. ६० शब्द एकेक करून दाखवतात, प्रत्येकाला १५ सेकंद, आणि मनात आलेलं वाक्य लिहायचं असतं. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात. आमची मुलं त्या परीक्षेला उमेदवार म्हणून जातात, पण टेबलाच्या पलीकडे बसणारा माणूस मानसशास्त्र शिकून तिथे आलेला असतो आणि तीही एक नोकरी आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

गरज किती आहे, याचा आकडा निम्हान्सने, म्हणजे बेंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आहे. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचलेलेच नव्हते. आणि उपाय सापडलेला नाही असंही नाही. आपल्याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात, निम्हान्सने १९८५ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि कर्मचारी यांना तयार करून गावपातळीवर उपचार देऊन दाखवले. पुढे १९९६ साली देशभर सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच बळ्ळारीच्या घडीवर उभा आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच चढल्या, चिकोडी-अथणी-गोकाककडची गावं पाण्यात गेली. निवारा केंद्रांत तांदूळ पोचले, चादरी पोचल्या. पाऊस सुरू झाला की रात्री उठून बसणाऱ्या मुलांशी, घर गेलेल्या म्हाताऱ्यांशी बोलायला माणसं फार थोडी होती. आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, २०२२ च्या ऑक्टोबरपासून, मराठीतही बोलता येतं. तो आपल्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून घ्या, शाळेच्याही. पण फोनच्या पुढे, तालुक्याच्या गावात, समोर बसून ऐकणारं माणूस लागतंच.

ते माणूस तयार होण्याच्या वाटेवर आता एक नवी अडचण आली आहे. आरोग्याशी संबंधित विषय दूरशिक्षणाने शिकवू नयेत, असं यूजीसीने ठरवलं आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रही त्यात आलं. यामागचं कारण मला पटतं. समोर बसलेल्या माणसाचं ऐकणं पोस्टाने आलेल्या पुस्तकांतून शिकता येत नाही. पण जांबोटीच्या, कणकुंबीच्या बाजूच्या ज्या मुली लग्नानंतर, मूल झाल्यावर, घर सांभाळून इग्नूतून एम.ए. करत होत्या, त्यांचं दार बंद झालं. धारवाड बेळगावपासून पाऊणशे किलोमीटर, खेड्यातून आणखी लांब. दूरशिक्षण बंद करायचं तर जवळ जागा वाढवायला हव्यात, मुलींची वसतिगृहं हवीत, बसच्या वेळा जुळायला हव्यात. हे आम्ही मागितलं पाहिजे आणि मोठ्याने मागितलं पाहिजे.

आता एक गोष्ट मराठी मुलांना, आणि त्यांच्या घरच्यांना, अगदी मनापासून. कन्नड नीट शिका. बोलण्यापुरतं नव्हे, वाचा, लिहा. सीमाभागाचा प्रश्न काय आहे ते मला कुणी सांगायला नको, मी त्याच घरांतली आहे, आणि मराठी माणसाला सरकारी दवाखान्यात मराठीतून बोलता आलं पाहिजे हा त्याचा हक्क मी कधीच सोडणार नाही. त्याच न्यायाने बैलहोंगलहून आलेल्या आजीचाही तिच्या भाषेवर तेवढाच हक्क आहे. तुम्ही त्या खुर्चीत बसलात की तुमच्यासमोर दोन्ही येणार. माझ्या कन्नड विद्यार्थ्यांनाही मी हेच सांगते, आणि ते मराठी शिकतात, शनिवारच्या बाजारात उभे राहून सराव करतात. मराठी मुलांनी पाठीमागे राहू नये.

गेल्या वर्षापासून आम्ही वर्गात एक काम सुरू केलं आहे. झोप, धडधड, भूक, काळजी, जिवाला कंटाळा याबद्दल आपल्या गावातली माणसं नेमकं काय शब्द वापरतात, ते घरच्या मोठ्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, कुणाचंही नाव न लिहिता वहीत उतरवायचं. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड मुलांनी आणलेलं, आणि खाली, हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारावा त्याची नोंद. खानापूर तालुका बराचसा झाला आहे, बेळगावच्या भोवतालची गावं झाली आहेत, सौंदत्तीचा भाग दोन मुलींनी सुंदर केला आहे. निपाणीकडचं, विडी वळणाऱ्या बायकांच्या बोलण्यातलं, अजून काहीच हाती नाही. त्या बाजूचं कुणी यंदा प्रवेश घेणार असेल तर पहिल्याच आठवड्यात मला येऊन भेटावं, वही तयार आहे.